बत्तिसावा साचा

१

पत्र्याच्या डब्यात चार पासपोर्ट असायला हवे होते. डॉक्टरांनी मोजले, तीन भरले. त्यांनी पुन्हा मोजले, मग डबा उलटा करून झटकला. चौथा काही पडला नाही.

सकाळचे दहा वाजले होते. साडेअकराला वकिलातीची बस यायची होती, आणि नदीवरचा पूल एक वाजता बंद व्हायचा होता. विमानतळ पुलापलीकडे. सरकार कुणाचं, हे त्या देशात सकाळी एक जण सांगे आणि संध्याकाळी दुसरा. त्यामुळे पूल उद्या उघडेल की नाही, हे देवाला विचारूनही उपयोग नव्हता.

"कुणाचा नाही?" व्यायामबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी तिन्ही उघडून पाहिले. "फिटरचा."

सहा आठवड्यांपूर्वी हे चौघे या बंद पडलेल्या शाळेत येऊन उतरले होते. लढाईत पाय गेलेल्यांना नवे पाय करून द्यायचे, एवढंच काम. मास्तर उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेत, त्यावरून फिटर पाय तयार करी, डॉक्टर तो तपासून बसवत, आणि माणसाला त्यावर चालायला शिकवत त्या व्यायामबाई. तीस वर्षं लोकांचे पाय बघून बाईंना एक खोडच लागली होती. समोरचा काय बोलतो याकडे त्यांचं लक्ष उशिरा जाई, तो उभा कसा आहे हे आधी दिसे. घरची माणसं यावरून त्यांची थट्टा करत, पण बाईंपुढे खोटं बोलायची हिंमत फारशी कुणी करत नसे.

फिटर आत आला तेव्हा हसत होता. ऐकलं आणि तिथेच ट्रंकेवर बसला. "बाई, तिला नववा लागलाय," एवढंच तो म्हणाला. 'ती' म्हणजे त्याची बायको, मास्तरांची एकुलती एक मुलगी. मास्तर त्याचे सासरे. ते दाराशी उभे होते, ते काहीच बोलले नाहीत. तसेही ते दिवसाला दहा वाक्यांच्या वर जात नसत.

दारावर डॉक्टरांच्या नियमांचा कागद चिकटवलेला होता. फोटो काढू नका. राजकारण बोलू नका. एकटे बाहेर पडू नका. कानावर येईल ते सगळं वकिलातीला कळवा. पासपोर्ट एकाच डब्यात. असे अकरा. बारावा राहून गेलाय, श्वास डॉक्टरांना विचारून घ्यावा, असं फिटर म्हणायचा. पण अकराव्यावर कुणी विनोद केला नव्हता. गेलो तर सगळे, राहिलो तर सगळे.

"म्हणजे माझ्यापायी तुम्हीही अडकणार," फिटर म्हणाला.

डॉक्टरांनी बाईंना व्हरांड्यात नेलं. "बाई, तुम्ही शोधा. माझं डोकं चालेनासं झालंय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "नाहीच सापडला तर अकरावा नियम मी मोडणार आहे. बस पुन्हा येईल याचा भरवसा नाही. मास्तर जावयापाशी राहतील. तुम्ही न् मी निघू. इतक्यात कुणाला सांगू नका."

बाईंनी मान हलवली. नियम करणाराच तो मोडायला निघाला, म्हणजे पाणी नाकापर्यंत आलं होतं.

२

काल दुपारी जेवणानंतर डॉक्टरांनी चारही पासपोर्टांचे नंबर वायरलेसवरून वकिलातीला वाचून दाखवले होते. तेव्हा चारही होते. डब्याची किल्ली दारामागच्या खिळ्याला, हे सगळ्यांना ठाऊक. त्यानंतर संध्याकाळपर्यंत डॉक्टर, बाई आणि फिटर अंगणात शेवटचे तयार पाय वाटत होते. मास्तर साच्यांच्या खोलीत सामान बांधत होते. वकिलातीचा माणूस आला, पण बसच्या वेळेची चिठ्ठी फाटकावरच देऊन गेला. आणि त्यांचा दुभाष्या आतबाहेर करत होता.

"त्याच्याशिवाय कोण?" फिटर म्हणाला. "आपल्या चौघांना इथून सुटायचंय. राहणारा तो एकटा. आणि पाणीही तोच चोरतोय, लिहून देतो."

"पाणी?"

"बघा ना पिंपात."

नळ परवा सकाळपासून बंद होते. उरलेलं पिण्याचं पाणी एका पिंपात, आणि रोज जेवणानंतर डॉक्टर पिंपावर खडूने रेघ मारत. बाईंनी जाऊन पाहिलं. कालच्या रेघेपासून पाणी चार बोटं उतरलेलं होतं. चार माणसांच्या पिण्याला दोन बोटं पुरतात. उरलेली दोन बोटं कुणी प्यायली? चांगली अर्धी बादली होते ती.

दुभाष्या फाटकाशी सायकल धरून उभा होता. तिशीतला, शांत स्वभावाचा. आधी इंग्रजीतून काम चालवणारा तो सहा आठवड्यांत यांची भाषा इतकी शिकला होता की आता रागावायचाही याच भाषेत.

"ताई, त्याचा पासपोर्ट घेऊन मी काय करू? आत फोटो त्याचा. माझं नाक बघा, त्याचं बघा."

"पाणी घेतलंस?"

"घेतलं नाही. आणलंय." त्याने सायकलकडे बोट दाखवलं. दोन मोठे डबे बांधलेले, तोंडापर्यंत भरलेले. "लांबच्या विहिरीवरून. सकाळी सातला गेलो होतो."

बाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. तो उजव्यावरून डाव्यावर आणि डाव्यावरून उजव्यावर भार टाकत होता. पळायचं मनात असलेला माणूस असाच उभा राहतो, पण हा तर सायकल घट्ट धरून होता.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि मागे वळल्या. दहा पावलं गेल्यावर थांबल्या. बस साडेअकराला यायची हे त्याला कालपासून माहीत होतं. पासपोर्ट हरवल्याचं कळलं ते दहाला. मग सकाळी सातला, जाणाऱ्या माणसांसाठी, याने दोन दिवसांचं पाणी कशाला आणलं?

३

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात साच्यांची खोली होती. खिडकीखालच्या फळ्यांवर उरलेल्या पायांचे पांढरे साचे ओळीने मांडलेले. मास्तर कोपऱ्यात बसून कानशी कापडात गुंडाळत होते.

"मास्तर, मापवहीत शेवटचा आकडा काय?"

"एकतीस."

बाई फळीच्या कडेने निघाल्या, एकेका साच्यावर तळवा टेकवत. कोरडा. कोरडा. उन्हाने कोमट. कोरडा. खालच्या ओळीतला अगदी शेवटचा साचा हाताला गार लागला. त्यांनी तो उचलला. बाकीच्यांपेक्षा जड होता, आणि बोटांना दमटपणा जाणवत होता. त्यांनी तो उलटा केला. बुडाशी खिळ्याने कोरलं होतं, बत्तीस, आणि पुढे उजव्याचा 'उ'.

मास्तरांची ती सवय सगळ्यांना माहीत होती. प्लास्टर घट्ट व्हायच्या आत नंबर आणि बाजू कोरायची. बिननंबरी साचा म्हणजे वाटेत चुकलेलं पोर, असं ते नव्या माणसांना बजावत.

"पाणी परवापासून बंद आहे," बाई म्हणाल्या. "त्यानंतर आपण एकाही माणसाचं माप घेतलेलं नाही. मग हा बत्तिसावा कोण, मास्तर?"

मास्तरांनी कानशी खाली ठेवली.

"ताकाला जाऊन भांडं लपवत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "चोराला पासपोर्ट हवे असते तर चारही गेले असते. एकच गेला. म्हणजे त्याला पासपोर्ट नको होता, त्याला अकरावा नियम हवा होता. एक काढला की चौघे जागच्या जागी. आता आपल्याला अडवायचं कुणाला होतं? डॉक्टरांना अडवायचं असतं तर त्यांनी नुसता हुकूम सोडला असता. ज्याच्या हातात काठी तो चोरी कशाला करेल? फिटरला पंख असते तर तो कालच उडाला असता. दुभाष्या तुम्हाला कालवायला मदत करतो, पण तो प्लास्टरमध्ये पाणी ओततो. त्याच्या साच्याला भोकं पडतात म्हणून तुम्हीच त्याला ओरडता. तुम्ही पाण्यात प्लास्टर चाळता. याला बघा, एक बुडबुडा नाही."

मास्तरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"हातच ऐकला नाही, बाई," ते म्हणाले. "लपवायचा साचा होता. पायावरून काढलेल्या एका फुकट गेलेल्या प्लास्टरच्या कवचात ओतला. तसाच ठेवला असता तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. पण घट्ट व्हायला लागला न् मी खिळा उचलला."

"स्वतःच्या मुलीच्या नवऱ्याचा पासपोर्ट, मास्तर? तिला नववा लागलाय, न् तुम्ही त्याला इथे अडकवता?"

"तिला नववा लागलाय म्हणूनच," मास्तर म्हणाले.

४

सांगायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. दुभाष्याच्या आईचा पाय मास्तरांनी केला होता. काल दुपारी तो खोलीत आला, दार लोटलं आणि म्हणाला, उद्या जाऊ नका. त्याच्या बहिणीचा नवरा पुलावरच्या पहाऱ्यात होता. आज दुपारी काही तासांपुरता तो पहारा दुसऱ्याच लोकांच्या हातात जाणार होता. परदेशी माणसांच्या गाड्या अडवायच्या, माणसं उतरवून घ्यायची आणि अंधार पडायच्या आत डोंगरात निघून जायचं, असा बेत होता. उद्या तिथे कुणी नसेल.

"मग डॉक्टरांना सांगायचं!"

"डॉक्टर लगेच वायरलेसवर बसतील. त्यांचाच नियम, कानावर येईल ते कळवा. तो वायरलेस सगळं गाव ऐकतं, बाई. आतली गोष्ट माहीत असलेली माणसं पुलावर सहा. फुटली कुठून, हे शोधायला त्यांना किती वेळ लागेल? बहिणीला तीन लेकरं आहेत. मी त्याला शब्द दिलाय."

"आणि फिटरचाच का? तुमचा स्वतःचा काढायचा होतात."

मास्तरांनी मान खाली घातली. "डॉक्टर नियम मोडतील अशी भीती होती. मोडलाच, तर निदान तो तरी मागे राहील."

"आणि आम्ही?" बाईंचा आवाज चढला. "डॉक्टर न् मी? आम्ही पुलावर गेलो असतो ते?"

बाईंना संताप आला, खरा संताप. सहा आठवडे एका पिंपातलं पाणी प्यायलेला माणूस, आणि वेळ आली तेव्हा त्याने आपलं तेवढं झाकलं. पण राग आला तरी त्यांना आणखीही एक गोष्ट कळत होती. त्यांच्या मुलाचा पासपोर्ट त्या डब्यात असता तर त्यांनी कोणता उचलला असता, हे त्यांना स्वतःला विचारायचं नव्हतं.

त्यांनी हातोडी मास्तरांपुढे सरकवली. साचा दोन घावांत फुटला. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट, कोरडा ठणठणीत. बाईंनी तो कमरेच्या पिशवीत टाकला आणि फुटके तुकडे पोत्याखाली ढकलले.

पासपोर्ट दाखवला तर चौघे पुलावर जाणार. दाखवला नाही तर दोघे जाणार. आणि वकिलातीतून बसमध्ये बसून येणाऱ्या आठ जणांना अकरावा नियम लागू नव्हताच.

तेवढ्यात फाटकाशी भोंगा वाजला. बस वेळेआधी आली होती.

५

बसबरोबर वकिलातीचा एक तरुण अधिकारी होता, आणि मागे एक जीप. जीपमध्ये जमीन मोजणारे दोघे जण, टपावर त्यांची तिपाई बांधलेली. इथून पूल पाऊण तासावर. सव्वाबारानंतर निघण्यात अर्थ नव्हता. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा पंचवीस. त्यांना पन्नास मिनिटं हवी होती, आणि त्यांच्याकडे फक्त जीभ होती.

"साहेब, आमचा एक पासपोर्ट गेलाय."

"पंधरा मिनिटं देतो," अधिकारी म्हणाला.

"पंधरात होईल. फक्त तुमच्या बसपासून सुरुवात करावी लागेल. काल दुपारी वकिलातीचा माणूस चिठ्ठी घेऊन आला होता, तो डब्याच्या खोलीत एकटाच पाच मिनिटं उभा होता. आज तो बसमध्ये आहे ना?"

अधिकाऱ्याचे कान लाल झाले. वकिलातीच्या अब्रूचा प्रश्न आला म्हटल्यावर माणूस घड्याळ विसरतो. आठही जण खाली उतरले, आठही बॅगा अंगणात उघडल्या गेल्या. बाईंनी प्रत्येकाला वेगळं बोलावून विचारलं. काल दुपारी कुठे होतात, कुणाबरोबर, काय खाल्लंत, ते पचलं का. ड्रायव्हरला तर त्यांनी त्याच्या गुडघ्याबद्दल दहा मिनिटं विचारलं आणि वर दोन व्यायाम सांगितले. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतक्या मन लावून कुणी जगलं नसेल. फिटर बिचारा खरोखरीच शोधत होता. त्याने गादीसुद्धा उसवली. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

डॉक्टर मात्र शोधायचे थांबले होते. बाईंना तीच ट्रंक तिसऱ्यांदा उघडताना त्यांनी पाहिलं. बाईंच्या बाहीला ओल्या प्लास्टरचा पांढरा डाग होता, तोही पाहिला. नियमांचा माणूस तो, विचारायला हवं होतं. बाईंनी त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि नजर हलवली नाही.

"साहेब," डॉक्टर अधिकाऱ्याकडे वळून म्हणाले, "परक्या देशात पासपोर्ट म्हणजेच माणूस. तो मिळेपर्यंत मी कुणालाही हलू देणार नाही. माझी खोली पुन्हा एकदा नीट बघू. पुस्तकं एकेक करून."

बाईंचा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या धावत फाटकाशी गेल्या. दोघांपैकी वडीलधारा स्टिअरिंगवर होता.

"तुमच्या एका पासपोर्टसाठी आम्ही का तिष्ठायचं?" तो म्हणाला. "आम्ही पुढे होतो. पलीकडे भेटू."

"थांबा. दहा मिनिटं थांबा."

"अर्धा तास दहाच मिनिटं चालू आहेत, बाई."

"एकट्या गाडीने जाऊ नये. ऐका माझं. पाया पडते तुमच्या."

तो हसला. वाईट माणूस नव्हता, नुसता कंटाळला होता. "एवढी भीती वाटते तर घराबाहेर पडूच नये माणसाने."

बाईंनी तोंड उघडलं. एकच वाक्य पुरलं असतं. फाटकाला टेकून दुभाष्या उभा होता. आता तो भार इकडून तिकडे टाकत नव्हता, दोन्ही पायांवर गच्च उभा होता आणि बाईंकडे बघत होता. तो काहीही मागत नव्हता. बाईंच्या डोळ्यांपुढे कधी न पाहिलेली तीन लेकरं आली. जीपमधली दोन माणसं थांबली असती, पण का थांबलो ते त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलं असतं, आणि वायरलेसवर ते गावभर झालं असतं. कुणीही बोललं असतं.

त्यांनी तोंड मिटलं. जीप वळणावर दिसेनाशी झाली. बारा वाजायला पाच मिनिटं होती.

बारा वीसला अधिकाऱ्याने घड्याळावर बोट आपटलं आणि म्हणाला, आजचं गेलं, आता उद्या. त्यानंतर पाच मिनिटांनी बाईंनी व्यायामाच्या रबरी पट्ट्यांची आपली पिशवी उपसली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! इथेच होता की. मीच काल ठेवला असेन."

फिटर उठला.

"माझं पोर माझ्याशिवाय जन्मलं, बाई, तर ते तुमच्या म्हातारपणामुळे. हे मी विसरणार नाही."

मास्तर पुढे झाले, त्यांचे ओठ हलले. बाईंनी डोळ्यांनीच त्यांना जागच्या जागी बसवलं. "चुकलं माझं," त्या फिटरला म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते खरंच म्हाताऱ्यासारख्या चालत आत गेल्या.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बस निघाली. रस्ता रिकामा होता. फिटर एकटाच पुढच्या बाकावर बसला होता, मास्तर सगळ्यात मागे.

पुलाच्या तोंडाशी सरकारी गणवेशातले दोन शिपाई जांभया देत उभे होते. त्यांनी कागद बघितले आणि दांडी वर केली. बस अर्ध्या पुलावर आली आणि ड्रायव्हरने वेग कमी केला. कठड्याला लागून जीप उभी होती. चारही दारं उघडी. टपावर तिपाई जशीच्या तशी बांधलेली.

अधिकारी उतरून शिपायांकडे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "काल दुपारी," तो डॉक्टरांना म्हणाला. "दोघांना घेऊन गेले. कुठे ते कुणालाच माहीत नाही."

डॉक्टरांनी एकदा मागे वळून बाईंकडे पाहिलं आणि परत समोर बघितलं. फिटर जीपच्या उघड्या दारांकडे बघत राहिला. मग त्याची नजर बाईंवर आली, तिथून शेवटच्या बाकावर गेली. मास्तर दोन्ही हातांत तोंड झाकून बसले होते. त्यांच्या नखांत अजून पांढरं होतं. फिटर त्याच धंद्यातला, ते पांढरं कशाचं हे त्याला सांगावं लागलं नाही.

पूल संपल्यावर तो उठून बाईंशेजारी येऊन बसला.

"बाई, काल मी जे बोललो... तुम्ही मला वाचवलंत."

"तुला वाचवणारा मागे बसलाय. त्याच्याजवळ जा. रागवायचं ते घरी गेल्यावर रागव, पण आत्ता जा."

तो उठला नाही. त्याला अजून काही म्हणायचं होतं, आणि बाईंना ते ऐकायचं नव्हतं.

"माझे आभार मानू नकोस," त्या म्हणाल्या. "त्या दोघांना थांबवेल असं एक वाक्य माझ्याकडे होतं. ते मी बोलले नाही. बोलले असते तर दुसरं कुणी गेलं असतं. कोण, ते विचारू नकोस. मी मनात तराजू धरला आणि एक पारडं खाली जाऊ दिलं." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. रस्त्याकडेला कुणीतरी शेत नांगरत होतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्यांच्या घरी कळवलंय का?"

फिटर पुढे जाऊन अधिकाऱ्याशी बोलला आणि परत आला.

"नाही, बाई. सांगायचं कुणी, यावर त्यांचं अजून ठरत नाहीये."

बाईंनी डोळे पुसले.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "नंबर घेऊन ये."